काढून टाकलेली दोन पाने

शाळेचा वार्षिकांक घरी येतो त्या दिवशी बहुतेक घरांतून सारखेच दृश्य दिसते. मूल आधी आपले नाव शोधते, मग मैत्रिणीचे. आई गटछायाचित्रातील आपल्या लेकराच्या चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारणीला दाखविते. आणि मुख्याध्यापकांचे मनोगत सहसा कोणी वाचीत नाही. अंक मुलांच्या नावाने निघतो खरा, परंतु तो काढतात शिक्षक. लेख निवडायचे त्यांनी, शुद्धलेखन सुधारायचे त्यांनी आणि छापखान्यात खेपा घालायच्या त्याही त्यांनीच. त्यामुळे काय छापावे आणि काय छापू नये, हा प्रश्न मुलांपर्यंत पोहोचतच नाही. तो सुटून गेलेला असतो, किंवा दाबला गेलेला असतो.

अमेरिकेतील हायस्कुलांत ही रीत निराळी आहे. तेथे अनेक शाळांतून मुलेच शाळेचे वृत्तपत्र चालवितात आणि वर्षअखेरीस निघणारे इयरबुक, म्हणजे त्या वर्षाचे छायाचित्रांसह स्मृतिपुस्तक, तेही मुलेच सिद्ध करतात. पुष्कळ ठिकाणी हा एक शिकविला जाणारा विषय असतो. त्याचा तास असतो, त्याला गुण असतात आणि एक मार्गदर्शक शिक्षक असतो. संपादक, बातमीदार, छायाचित्रकार, जाहिराती मिळविणारे अशी कामे मुलांत वाटलेली असतात. इयरबुकचे काम तर वर्षभर चालते. मुद्रकाने दिलेल्या तारखांना सोळासोळा पानांचे फर्मे पूर्ण करून पाठवावे लागतात, प्रत्येकाचे नाव अचूक लिहावे लागते आणि शेवटी नामसूची करावी लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती एवढी मोठी गोष्ट सोपविली की एक नैतिक प्रश्न आपोआप उभा राहतो. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी खरे लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे काय? आणि ते लिहू न देण्याचा वडीलधाऱ्यांना हक्क आहे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका प्रत्यक्ष घडलेल्या घटनेच्या आधाराने करू इच्छितो.

मिसूरी राज्यात सेंट लुईस शहरालगत हेझलवूड ईस्ट नावाचे सरकारी हायस्कूल आहे. १९८२-८३ या शैक्षणिक वर्षी तेथील पत्रकारितेच्या वर्गातील विद्यार्थी ‘स्पेक्ट्रम’ नावाचे वृत्तपत्र काढीत असत. साधारण तीन आठवड्यांनी अंक निघे आणि त्या वर्षभरात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. वर्ष संपता संपता मूळचे मार्गदर्शक शिक्षक नोकरी सोडून गेले आणि शेवटच्या अंकाची जबाबदारी दुसऱ्या शिक्षकांवर आली. १० मे १९८३ रोजी त्यांनी प्रथेप्रमाणे अंकाची मुद्रिते मुख्याध्यापक रॉबर्ट रेनॉल्ड्स यांच्यापुढे ठेवली. अंक १३ मे रोजी निघावयाचा होता.

मुख्याध्यापकांना दोन लेख खटकले. पहिल्यात त्याच शाळेतील तीन विद्यार्थिनींनी आपल्या गरोदरपणाचे अनुभव सांगितले होते. नावे बदललेली होती. तरीही शाळेतील गरोदर मुली मोजक्याच असल्याने त्या ओळखू येतील, असे त्यांना वाटले. शिवाय लेखातील लैंगिक संबंधांचे व संततिनियमनाचे उल्लेख चौदा वर्षांच्या मुलांसाठी योग्य नाहीत, असेही त्यांचे मत पडले. दुसरा लेख घटस्फोटाने मुलांवर होणाऱ्या परिणामांविषयी होता. त्यात एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांविषयी तक्रार केली होती. ते घराला वेळ देत नसत, अशा आशयाची. मुख्याध्यापकांनी पाहिलेल्या मुद्रितात तिचे नाव होते. मार्गदर्शक शिक्षकांनी ते अंतिम मजकुरातून काढले होते, परंतु मुख्याध्यापकांस ते ठाऊक नव्हते. ज्या बापाविषयी हे छापले जाणार, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावयास हवी होती, असे त्यांचे म्हणणे होते.

दुरुस्तीला वेळ उरलेला नाही अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी सहा पानी अंकातील दोन पानेच काढून टाकण्यास सांगितले. त्या दोन पानांवर अल्पवयातील विवाह, घर सोडून पळणारी मुले अशा विषयांवरचे दुसरेही लेख होते. त्यांवर त्यांचा काहीच आक्षेप नव्हता. तरी तेही गेले. आणि मुलांना हे कळले केव्हा? चार पानांचा अंक छापून हाती आला तेव्हा.

कॅथी कुलमायर आणि तिच्या दोन सहकारी विद्यार्थिनींनी न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या पाठीशी एक जुना निकाल होता. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आले आणि त्यांना घरी पाठविण्यात आले. त्या प्रकरणी १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी म्हटले की शाळेचे फाटक ओलांडले म्हणून विद्यार्थ्याचे भाषणस्वातंत्र्य नाहीसे होत नाही. हेझलवूडच्या मुलींना कनिष्ठ न्यायालयात अपयश आले आणि अपिलात यश आले. परंतु १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निर्णय दिला. शाळेच्या पैशाने, शाळेच्या नावाने आणि अभ्यासाचा भाग म्हणून निघणाऱ्या वृत्तपत्रावर शैक्षणिक दृष्ट्या रास्त कारणासाठी शाळा नियंत्रण ठेवू शकते, असे बहुमताने ठरविले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदविले. आक्षेपार्ह भाग वगळणे, मजकुराची फेररचना करणे असे सौम्य उपाय हाताशी असता लेखच्या लेख काढून टाकणे त्यांना अमान्य होते.

या निकालानंतर काही राज्यांनी आपापले कायदे करून विद्यार्थी-पत्रकारांना अधिक संरक्षण दिले. कॅलिफोर्नियात तर तसा कायदा १९७७ पासूनच होता. असो. कायद्याचा हा इतिहास मोठा आहे आणि आम्ही काही कायदेपंडित नव्हे. एक गोष्ट मात्र आम्हां कॅथलिक वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. अमेरिकेच्या घटनेतील भाषणस्वातंत्र्याचे कलम शासनाला बांधते, खाजगी संस्थेला नव्हे. त्यामुळे तेथील कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापकाला हेझलवूडच्या निकालाची गरजच नाही. त्याने उद्या मुलांच्या अंकातील चार पाने काढली, तर त्या कलमाच्या आधारे त्याला जाब विचारता येत नाही. मग त्याला जाब विचारणारे कोण उरते? फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी. जेथे कायद्याचे कुंपण नसते तेथे नैतिक प्रश्न सुटत नाही. तो अधिक टोकदार होतो.

आता त्या मुख्याध्यापकाचा आधी न्यायाने विचार करू. त्याला हुकूमशहा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने उपस्थित केलेली शंका खरी होती. लिहिणारा हजर असतो आणि वाचणारा हजर असतो. ज्याच्याविषयी लिहिले जाते तो मात्र बहुधा गैरहजर असतो. हेझलवूडमधील तो बाप संपादकांच्या खोलीत नव्हता. त्या गरोदर मुलींची आईबापे तेथे नव्हती. आठव्या आज्ञेचे विवरण करताना १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक श्रद्धाग्रंथ दोन पापांत फरक करतो. खोटे सांगून दुसऱ्याच्या नावाला काळिमा लावणे हे एक, आणि दुसऱ्याचा खरा दोष सबळ कारण नसताना तो ठाऊक नसलेल्यांना सांगणे हे दुसरे. आपल्या गावगप्पांतून आपण पहिल्याला पाप मानतो आणि दुसऱ्याला ‘खरे तेच तर बोललो’ म्हणून सोडून देतो. बातमी खरी आहे, एवढ्याने ती सांगण्याचा हक्क सिद्ध होत नाही, हे त्या मुख्याध्यापकाला कळले होते.

तथापि ‘सबळ कारण नसताना’ हे शब्द दोन्ही बाजूंनी कापतात. सबळ कारण असेल तर बोलणे हे कर्तव्य ठरते. आणि गैरहजर माणसाची कदर करणाऱ्या त्या मुख्याध्यापकाने समोर हजर असलेल्या मुलांना मात्र एका शब्दाने विचारले नाही. बापाची बाजू ऐकली गेली नाही म्हणून ज्याने लेख थांबविला, त्याने लेखिकांची बाजू ऐकली नाही. ज्या न्यायाचा पाठ मुलांना द्यावयाचा, तोच पाठ देताना मोडला गेला.

हे आम्ही दुरून बोटे दाखवून लिहीत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आमच्याकडे होती. वार्षिकांकाची शेवटची मुद्रिते पाहताना नववीतल्या एका मुलीचा निबंध आमच्या हाती आला. विषय होता ‘माझे घर’. तिने लिहिले होते की पप्पा पिऊन येतात त्या रात्री आई आम्हां भावंडांना घेऊन माळ्यावर निजते आणि शिडी वर ओढून घेते. लेख चांगला होता. एकही शब्द अधिक नव्हता. आम्ही तो काढला आणि त्या जागी वृक्षसंवर्धनावरची एक कविता घातली. वर्गशिक्षिकेलाही सांगितले नाही.

अंक निघाल्यावर ती मुलगी एकदा आमच्या कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. “फादर, माझं शुद्धलेखन चुकलं होतं का?” एवढेच तिने विचारले. आम्ही म्हणालो, “नाही ग बाळ, जागा कमी पडली.” ती गेली. तिने पुन्हा अंकासाठी काही लिहिले नाही.

त्या वेळी आम्ही मनाशी म्हणालो की एका कुटुंबाची अब्रू वाचविली. त्यात काही खरेही होते. पण त्याच वर्षी शाळेच्या नव्या खोल्यांचे बांधकाम चालू होते आणि त्या गृहस्थांनी त्याला सढळ हाताने मदत केली होती, हेही आम्हांस त्या क्षणी आठवले होते. आमच्या हातातील पेन्सिल कोणी धरली होती, अब्रूच्या काळजीने की सिमेंटच्या हिशेबाने, हे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि याहून मोठा दोष तर दुसराच होता. तो निबंध आम्ही छापण्याजोगा आहे की नाही एवढ्याच दृष्टीने वाचला. एका मुलीने आपल्या घरातून हाक मारली होती आणि तिला सापडलेला एकमेव कागद निबंधाचा होता, हे आम्हांस सुचले नाही. लेख काढणे कदाचित योग्य होते. लेख काढून त्या घराची पायरी न चढणे हे योग्य नव्हते.

म्हणून आमच्या मते अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारावा : थांबविल्याने रक्षण कोणाचे होते? मिशिगन राज्यातील युटिका हायस्कूलमध्ये २००२ साली ‘ॲरो’ या विद्यार्थी-वृत्तपत्रासाठी एका विद्यार्थिनीने बातमी लिहिली. शाळेच्या बसगाड्यांच्या डिझेलच्या धुराने आजार झाल्याचा दावा करून शेजारच्या दांपत्याने शाळेच्या प्रशासनाविरुद्ध खटला भरला होता, त्याची ती बातमी होती. शाळेने ती थांबविली. येथे कोणा लेकराचे गुपित उघडे पडत नव्हते. अडचणीत येणार होती ती शाळा स्वतः. २००४ साली संघीय न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरविली. हेझलवूड आणि युटिका या दोन ठिकाणी हाताची कृती एकच, पान काढण्याची. पण एका ठिकाणी निदान काही अंशी दुर्बळाची काळजी होती, तर दुसऱ्या ठिकाणी बलवानाने स्वतःला झाकून घेतले.

दुसरा प्रश्न मुलांनी स्वतःला विचारावयाचा आहे : आम्ही पुरते शोधले काय? कॅन्सास राज्यातील पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये मार्च २०१७ मध्ये नव्या मुख्याध्यापिकेची नेमणूक जाहीर झाली. ‘बूस्टर रीडक्स’ या शालेय वृत्तपत्राच्या मुलांनी तिची ओळख करून देणारा साधा लेख लिहावयास घेतला. तिने ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या होत्या त्याचा पत्ता नीट लागेना, मान्यता आढळेना. मुलांनी तर्क लढविले नाहीत. त्यांनी चौकशी केली, कागद तपासले, दूरध्वनीवरून तिलाच प्रश्न विचारले आणि मगच, ३१ मार्चला, वृत्त छापले. चार दिवसांनी तिने पद सोडले. येथे ‘सबळ कारण’ होते, कारण जिच्या हाती शेकडो मुले सोपवावयाची तिची पात्रता ही खाजगी बाब नव्हे. मुलांनी गैरहजर व्यक्तीला हजर करून घेतले, हेच त्यांच्या लेखणीचे पावित्र्य. नेमणूक करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून जे सुटले ते पोरांनी पाहिले, हे आम्हां वडीलधाऱ्यांनी नम्रपणे मान्य करावे.

वृत्तपत्र महिन्याभरात रद्दीत जाते. इयरबुक मात्र कपाटात राहते. म्हणून तेथे हा प्रश्न अधिक खोल जातो. फ्लोरिडा राज्यातील बार्ट्रम ट्रेल हायस्कूलच्या २०२१ च्या इयरबुकात सुमारे ऐंशी मुलींच्या छायाचित्रांत, त्यांना न विचारता, छातीचा भाग संगणकावर झाकण्यात आला. त्याच पुस्तकात पोहण्याच्या पोशाखातील मुलगे जसेच्या तसे होते. हेतू शालीनतेचा असेल. पण आपल्याच चित्रावर परक्या हाताचे ठिगळ पाहून त्या मुलींना शालीनता शिकविली गेली नाही, लाज मात्र शिकविली गेली.

आणि एक उदाहरण आमच्याच घरचे आहे. वॉशिंग्टनजवळील एका जेझुइट शाळेच्या १९८३ च्या इयरबुकात काही मुलांनी आपल्या पानांवर परिसरातील दुसऱ्या कॅथलिक शाळेच्या एका मुलीचे नाव सांकेतिक विनोद म्हणून घातले. २०१८ साली त्यांपैकी एक, ब्रेट कॅव्हनॉ, यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हावयाची असता ती पाने देशभर वाचली गेली. त्या उल्लेखात आपुलकीच होती, असे त्यांनी सांगितले आणि तिची क्षमाही मागितली. पण तिला ते नाव तेथे असल्याचे कळले तेच मुळी पस्तीस वर्षांनी; आणि त्याने तिला दुःख झाले. एवढी वर्षे ती त्या पानावर होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. गैरहजर माणूस म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? तेथील वडीलधाऱ्यांनी त्या पानांवरून एकदा डोळसपणे पेन्सिल फिरविली असती, तर ते दडपण ठरले नसते, ते वात्सल्य ठरले असते.

अनेक इयरबुकांत आणखी एक यादी असते. छायाचित्राच्या दिवशी जी मुले आली नाहीत त्यांची नावे चेहऱ्यांच्या ओळींखाली बारीक अक्षरांत दिलेली असतात. चांगले विद्यार्थी-संपादक नामसूची करताना प्रत्येक मूल पुस्तकात कितीदा आले ते मोजतात आणि जे एकदाही आलेले नाही त्याला शोधावयास कॅमेरा घेऊन जातात. खेळाडू आणि वक्ते तर पानोपानी असतातच. शेवटच्या बाकावरच्या मुलाला शोधत जाणे हा मात्र संस्कार आहे. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही प्रवचनातून पुष्कळदा सांगतो. ती मुले तो नामसूचीच्या कामात गिरवितात.

वाचकहो, आज आपल्या प्रत्येक मुलाच्या खिशात छापखाना आहे. मोबाईलवर काय टाकावे हे ठरविताना त्याच्या शेजारी शिक्षक नसतो, मुख्याध्यापक नसतो, आम्हीही नसतो. तेव्हा आपण पाने काढून टाकण्यात तरबेज व्हायचे, की मुलांना शेजारी बसवून ‘हे ज्याच्याविषयी आहे त्याला तू विचारलेस का?’ असे विचारावयाचे, हे ठरविण्याची वेळ आली आहे. शाळेचा अंक मुलांच्या हाती द्यावा असे आम्हांस वाटते. जे थांबवावे लागेल ते अवश्य थांबवावे. पण कारण मुलाच्या तोंडावर, खरे तेच सांगून. आणि थांबविलेल्या पानात एखाद्या घराचे दुःख असेल, तर त्याच संध्याकाळी त्या घरी जावे.

त्या नववीतल्या मुलीला आम्ही ‘जागा कमी पडली’ असे सांगितले होते. जागा त्या अंकात पुष्कळ होती.